चार पाऊण तीन

हरिदास खोब्रागडे माझा मित्र आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्यावर चिडलो तर कोणी मध्ये पडायला नको. मी बशीर. सावली गावाच्या पुढे, वैनगंगेच्या अलीकडे आमचं गाव. तिथे माझं मंडप आणि लाऊडस्पीकरचं काम आहे. लग्न असो, भीमजयंती असो, उरूस असो की मंडईचं, म्हणजे आमच्या दिवाळीनंतरच्या जत्रेचं, नाटक असो, आवाज माझा. आणि नाटकाच्या तिकीट खिडकीत माणूस हरिदास. हे आमच्या गावात इतकं ठरलेलं होतं की मंडळाच्या बैठकीत त्यावर कोणी बोलायचंही नाही.

आमच्याकडे दिवाळी सरली की नाटकांचा हंगाम लागतो. वडशाच्या नाटक कंपन्या ट्रकमध्ये पडदे, पेट्या, नट-नट्या भरून गावोगाव फिरतात. गावातलं मंडळ कंपनी ठरवतं, थोडी रक्कम आधी देतं आणि उरलेली नाटकाच्या दिवशी खिडकीवर जमलेल्या पैशांतून चुकती करतं. पैसे हातात पडल्याशिवाय कंपनीचा व्यवस्थापक पहिली घंटा देत नाही. त्यामुळे खिडकीत बसणारा माणूस म्हणजे नाटकाची किल्लीच.

हरिदासचं किराणा दुकान आहे. शाळा सातवीपर्यंत. पण पाढे असे पाठ की तराजूत पोहे पडत असतानाच तो पाऊणकी पुटपुटायचा. पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा, आता कोण शिकतं म्हणा. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा जप करतोय. पाऊण किलोचा भाव जप संपायच्या आत तयार असायचा.

खिडकीतलं त्याचं काम तर बघण्यासारखं होतं. तिकीट पस्तीस रुपये होतं तेव्हाची गोष्ट. बाहेरून कोणी ओरडायचं, "अकरा द्या!" आणि पाचशेची नोट आत यायची. हरिदास नोटेकडे न बघता म्हणायचा, "तीनशे पंच्याऐंशी झाले, एकशे पंधरा घे, पुढं सरक." डाव्या हाताने नोट घ्यायचा, उजव्याने सुट्टे द्यायचा, आणि नजर मागच्या माणसावर. सगळी तिकिटं संपली, पडदा उघडला, पेटी वाजायला लागली, तरी हा आपला आत बसून गल्ला मोजत असायचा. इतक्या वर्षांत त्याने एकाही नाटकाची सुरुवात पाहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानावर मला विचारायचा, "पहिल्या अंकात काय झालं गा?" मीही मुद्दाम काहीतरी खोटंनाटं सांगायचो आणि तो ते खरं मानून चालायचा.

मग दुकानात फोनवरून पैसे घ्यायचा तो चौकोनी कागद आणि बोलणारी डबी आली. गिऱ्हाईक फोन दाखवतं, डबी बोलते, पैसे मिळाले. हरिदासला सुरुवातीला फार मजा वाटली. सुट्ट्याची कटकट गेली, उधारीची थोडी कमी झाली. गावातल्या पोरांनी खिशात नाणी ठेवणंच सोडलं. हळूहळू हरिदासचा गल्ला रिकामा राहू लागला आणि पाऊणकीही ऐकू येईनाशी झाली. मला ते कळलंच नाही. रोजची गोष्ट बंद झाली की लवकर कळत नाही.

कळलं ते एका दुपारी. मी अजून नोटा बाळगणारा माणूस. पासष्टचं सामान घेतलं आणि दोनशेची नोट दिली. हरिदास नोट धरून उभा राहिला.

"किती देऊ?" म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतोय. मी म्हटलं, "शंभर दे."

त्याने मुकाट्याने शंभर दिले. मी हसलो. तो हसला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग घाबऱ्या घाबऱ्या गल्ल्याखालून फोन काढून बोटाने आकडे दाबू लागला. पस्तीस रुपये परत करताना त्याचे कान लाल झाले होते.

संध्याकाळी तलावाच्या पाळीवर बसलो तेव्हा तोच बोलला. "मले हिशोब येऊन नाई राह्यला, बशीर. डोक्यात हात घालतो तं तिथी काईच नसते."

"गंज लागला लेका," मी म्हटलं. "मशीन बंद ठेवली का गंजतेच. माह्या जुन्या अँप्लिफायरचं काय झालं, पाह्यलं ना?"

"मायचं असंच झालं होतं. आधी पैसे भुलली. मंग आमचे नावं."

त्याची आई मी पाहिली होती. शेवटी शेवटी ती हरिदासला भाऊजी म्हणायची.

"कोणाले सांगजो नोको," तो म्हणाला. "घरीबी नाई. गावात नाईच नाई. हिशोबाचा माणूस म्हणून तं मले बसू देतात चार लोकाईत."

मी कबूल केलं. कबूल केलं म्हणजे केलं. पण मला त्याचा रागही आला. अरे, तालुक्याला जाऊन डॉक्टरला दाखव म्हटलं तर हा तयार नाही. डॉक्टरने काही नाव घेतलं तर, ही भीती. नाव न घेतलेलं बरं, असं म्हणत त्याने दोन मंडया काढल्या. त्याचं नशीब असं की दोन्ही वर्षी पोरांनी फोनवरच तिकिटं घेतली आणि म्हाताऱ्यांनी जे थोडे रोख आणले ते नेमके मोजलेले होते. खिडकीत तो नुसता बसला आणि वाहवा झाली.

या वर्षी मंडळाने अजून एक शहाणपणा केला. खुर्च्या आधीच विकून टाकल्या. खिडकीवर फक्त खाली बसायची तिकिटं. दर सत्तर ठेवायचा की ऐंशी, यावर पोरं भांडली आणि शेवटी पंचाहत्तर ठरला. हरिदासची पुतणी खुशबू सावलीच्या कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "ऑनलाइनमधी सुट्टे लागतच नाईत, मोठेबाबा. काई बी दर ठेवा." हरिदासने मान डोलावली. मी त्याच्याकडे बघत होतो, त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पंचाहत्तर म्हणजे पाऊणशे. ज्या माणसाची पाऊणकी हरवली त्याच्या खिडकीला पाऊणशेचं तिकीट. मी त्याच बैठकीत तोंड उघडायला हवं होतं असं आता सगळे म्हणतील. शब्द त्यांनी दिला नव्हता, मी दिला होता.

मंडईच्या दिवशी दहा गावची माणसं लोटली. दिवेलागणीला खिडकी उघडली. आत खुशबू आणि हरिदास, बाहेर बांबूचा कठडा, आणि कठड्याशेजारी फाटकावर मी माझा माइक घेऊन. पहिला अर्धा तास मस्त गेला. डबी बोलत होती, तिकिटं फाटत होती, माणसं आत जात होती. हरिदासने मला डोळा मारला.

मग डबी गप्प झाली.

इतकी माणसं, इतके फोन, गावात टॉवर एकच. सगळ्यांच्या फोनवर ते गोल चक्र फिरायला लागलं. लोकांनी फोन वर धरले, खाली धरले, एकजण झाडावर चढला. मागून रेटा यायला लागला. मग हळूहळू कमरेच्या पिशव्यांतून, पदराच्या गाठींतून, पाकिटांच्या चोरकप्प्यांतून नोटा निघाल्या. पाचशेच्या, दोनशेच्या, शंभराच्या. आणि आमच्या मंडळाने सुट्टे म्हणून एक नाणंसुद्धा आणलं नव्हतं. गल्ल्याच्या पेटीत होत्या त्या हरिदासने सवयीने दुकानातून आणलेल्या थोड्याफार नोटा.

खुशबूने फोनवर आकडेमोड सुरू केली. पोरगी हुशार आहे, पण एकेकाचे आकडे दाबेपर्यंत मागची दहा माणसं पुढच्यांच्या पाठीवर. आकडा मिळाला तरी तो नोटांत कसा द्यायचा, यावर ती अडायची. दोनशे पंचाहत्तर द्यायचे तर आधी काय उचलायचं? तिने कधी उचललेलंच नव्हतं. बाहेरून आवाज सुरू झाले. "अवो पोरी, लवकर!" "हरिदासभाऊले बसवा! हरिदासभाऊ आहेत ना!"

आणि खुशबूने अगदी सुटल्यासारखं म्हटलं, "मोठेबाबा, तुमीच घ्या. तुमचं फास्ट आहे."

मी फाटकावरून बघत होतो. हरिदास खुर्चीवर बसला. शर्टाच्या बाह्या वर केल्या. मनात म्हटलं, या अल्ला, आजच्या दिवसापुरतं याला आठवू दे.

पहिल्याला दोन तिकिटं हवी होती, दोनशे दिले. दोन पाऊण दीड. पन्नास परत. बरोबर. दुसऱ्याला एक, शंभर दिले. पंचवीस परत. बरोबर. तिसऱ्याने पाचशेची नोट टाकली. "पाच."

हरिदासचे ओठ हलले. मला ऐकू येत नव्हतं, पण मी वाचत होतो. चार पाऊण तीन. पाच पाऊण. पाच पाऊण. तिथून पुढे ओठ हललेच नाहीत. मागून कोणीतरी ओरडलं. हरिदासने पेटीत हात घातला आणि जे आलं ते दिलं. त्याने सव्वादोनशे दिले, द्यायचे होते सव्वाशे. त्या माणसाने पैसे मोजले, पुन्हा मोजले, खिशात घातले आणि तिकिटं घेऊन आत गेला. त्याला मी ओळखतो. नाव लिहीत नाही, पण ओळखतो.

पुढच्याला सात तिकिटं हवी होती. सहाशे दिले. हरिदासने पंचवीस परत केले. तो नदीघाटावरचा तरणा माणूस, त्याने तिथेच खिडकीवर हात आपटला.

"पन्नास कमी आहेत! पंचाहत्तर येते माहे! लुबाडून राह्यले काय?"

लुबाडून हा शब्द मागे मागे गेला. जे काही घडलं नव्हतं तेही मागच्यांना कळलं. कठड्याचा बांबू वाकला. एका बाईने कडेवरचं लेकरू डोक्यावर उचलून धरलं आणि किंचाळली. मी माइकवर ओरडलो, "मांगं सरका! मांगं सरका!" कोणी ऐकेना. तेवढ्यात कंपनीचा व्यवस्थापक प्रवीण माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. तो शांत माणूस, म्हणून जास्त भीती वाटते. म्हणाला, "बशीरभाई, पहिली घंटा देऊ का ट्रक भरू? मले पुढच्या गावाले उद्या हजेरी लावाची आहे."

मी खिडकीकडे बघितलं. हरिदासच्या हातात कोणाची तरी नोट होती. त्याने ती नोट परत केली, खुर्ची मागे सारली आणि उठला. बाहेर एकच गिल्ला झाला. "पळाला! पळाला!" मलाही क्षणभर तेच वाटलं, खोटं कशाला बोलू.

तो मागच्या दाराने निघून फाटकाशी, माझ्याजवळ आला. त्याने माइकसाठी हात पुढे केला. मी माइकवर पंजा ठेवला.

"थांब. मी सांगतो," मी हळूच म्हटलं. "तब्येत बिघडली म्हणतो. चक्कर आली म्हणतो. लोक मानतात. तू घरी जा."

त्याला ते पटलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता. त्याने तसं करावं असंच मला वाटत होतं. त्याची इज्जत माझ्या पंजाखाली झाकलेली होती. पण त्याने माझा हात हळूच बाजूला केला.

"ऐका," तो माइकवर म्हणाला. आवाज फाटला. मी सवयीने बटण फिरवून तो जरा खाली आणला. "मी हरिदास बोलून राह्यलो. मले हिशोब येऊन नाई राह्यला. आजचं नाई, लय दिवसाचं आहे. मी लपवलं. आत्ता कोणाले जास्त गेले असन, कोणाले कमी. ज्याले कमी गेले त्यानं येऊन घेऊन जा. लुबाडाचं नोयतं माह्या मनात."

मंडपाबाहेर एवढी माणसं, पण शेंगा भाजणाऱ्याचा झारा ऐकू येत होता.

"माही पाऊणकी पुरी गेली," तो म्हणाला. "एकच ओळ राह्यली. चार पाऊण तीन. चार माणसाचे तीनशे. तवा चार-चार जण मिळून या. तीनशे द्या, चार तिकिटं घ्या. पाचशे द्याल तं दोनशे वापस. बाकीचं आपसात पाहा. दुसरे सुट्टे मांगू नोका. माह्यापाशी नाईत, अन् असते तरी मले देता आले नसते."

तो थांबला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याची पाठ घामाने भिजली होती. मला वाटलं, आता कोणीतरी हसेल आणि मी त्या हसणाऱ्याच्या टाळक्यात माइक घालीन.

कठड्याजवळून अंजनाबाईचा आवाज आला. अंजनाबाई म्हणजे आमच्या वॉर्डातली सगळ्यात तोंडाळ म्हातारी. "मंग आमाले तरी कुठी येते रे, हरिदास! तूच तं आमचा हिशोब करत होता!"

लोक हसले. पण ते हरिदासला हसले नाहीत, हे मी शपथेवर सांगतो.

मग जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. रेटा मागे सरला, कारण पुढे येण्यात आता अर्थच नव्हता. आधी चौघे जमवा, मग या. मैदानात हाकांचा कल्लोळ उठला. "आमी तिघं, एक पायजे!" "आमी दोघं, दोघं कोण?" सोमाजी आणि त्याचा चुलतभाऊ धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणापासून एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांच्याही घरची दोन-दोन माणसं. बराच वेळ दोन्हीकडे पाठी करून उभे राहिले आणि शेवटी सोमाजीच म्हणाला, "दीडशे काढ." चुलतभावाने काढले. एवढंच बोलले, पण बोलले. कोणाचे पंचवीस कोणाकडे राहिले, कोणी कोणाला शेंगा द्यायच्या, कोणी घरी गेल्यावर द्यायचे, यावर जागोजागी भांडणं आणि हसणं चाललं होतं. लोक बोटं मोजत होते. जे काम एका डोक्यावर टाकून सगळे निवांत झाले होते ते सगळ्यांनी मिळून गोंधळ घालत केलं.

खिडकीत हरिदास पुन्हा बसला होता. तीनशे, चार. तीनशे, चार. पाचशे, दोनशे परत, चार. तो तरणा माणूस आला, आपले पन्नास घेऊन गेला आणि जाताना, "भाऊ, मले म्हाईत नोयतं," असं काहीसं पुटपुटला. ते जास्तीचे शंभर मात्र परत आले नाहीत. मंडळाने सोसले. प्रवीणने आपली रक्कम मोजून घेतली आणि पहिली घंटा दिली. मग दुसरी.

मैदान रिकामं झालं. खिडकीसमोर तिघीच उरल्या, अंजनाबाई, तिची सून आणि नात. इतका वेळ बाई दुसऱ्यांची चौकडी जमवत फिरली आणि स्वतःची राहिली. तिने अडीचशे रुपये खिडकीत ठेवले, शंभराच्या दोन आणि पन्नासची एक.

"चवथं कोणीच नाई रे," ती म्हणाली. "आता काय करतं?"

खुशबू फोनकडे हात नेऊ लागली. हरिदासने पेटीत बघितलं. तिथे शंभर, दोनशे आणि पाचशेच्याच नोटा. मग त्याने शर्टाच्या खिशात हात घातला. त्याच्याकडे पन्नासची एक नोट होती. त्याने ती त्यांच्या पैशांवर ठेवली आणि चार तिकिटं फाडली.

"चवथा मी," तो म्हणाला. "झाले तीनशे. तुमचे पंचवीस माह्याकडं राह्यले, बाई. आत शेंगा घेऊन देतो."

आणि उठला. गल्ला खुशबूच्या हवाली केला, तिला म्हणाला, "मोजून ठेव, घाई नाई," आणि तिघींच्या मागे फाटकातून आत आला. तिसरी घंटा झाली होती. मंडपातले दिवे विझत होते. आयुष्यात पहिल्यांदा तो पडदा उघडायच्या आधी आत होता, आणि कुठे बसायचं हे न कळून मधल्या वाटेत उभा राहिला होता.

मी फाटकावर एकटाच. मी त्या पंचवीसचा विचार करत होतो. तिघींचे सव्वादोनशे, दिले अडीचशे. त्याचे पाऊणशे, टाकले पन्नास. मला बोटं मोजावी लागली. दोनदा मोजली. बरोबर होतं.

त्याने फोन काढला नव्हता. ओठही हलवले नव्हते. आणि त्याला ते कळलंच नव्हतं, तो मान उंच करून पडद्याकडे बघत होता. मी पटकन माइक बंद केला, नाहीतर मंडपभर ओरडलो असतो.